उतरू का?

मी रेडिओग्राफर आहे. गेली वीसेक वर्षं लंडनच्या एका हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे फोटो काढते. त्यामुळे माझा हिशेब साधा आहे — जे फोटोत येत नाही, ते नाही. कामावर कुणी रिकाम्या वॉर्डातल्या पावलांच्या गोष्टी सांगायला लागलं की मी चहात बिस्किट बुडवत ऐकते, आणि बिस्किट संपलं की उठते. इथे, या पानावर येणारे भुताखेतांचे अनुभवही मी आजवर असेच वाचले... खरं तर हसायलाच वाचले. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर तक्रार करायला मला तोंड नाही. खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

नाव वैजयंती, वय चोपन्न. माहेर सातारा, मुक्काम हॅरो. घटस्फोटाला इतकी वर्षं झाली की आता त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. एकटीचं घर, एकटीचा छोटा कुकर, शनिवारी पार्कात चालणं — आणि यात मी मजेत होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं 'बिचारी एकटी बाई, मनाचे खेळ' म्हणून कुणी निकालात काढायला नको.

अविनाश मला भेटला वेम्बलीत, ईलिंग रोडवरच्या एका दुकानात, कैऱ्यांच्या खोक्यापाशी. मी एक कैरी दाबून बघत होते. शेजारून आवाज आला, "ती आतून पिकलीय. लोणच्याला नाही चालायची."

मी म्हटलं, "एक्स-रे काढलात का?"

तिथून ओळख. तो मूळचा पुण्याचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, राहतो स्टॅनमोरला. बायको, मंजिरी, काही वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली, हे मला ओळखीच्यांकडून कळलं. मूलबाळ नाही. सायकलचं भारी वेड. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्यानं विचारलं, "वैजू, आपण लग्न करायचं का?"

मी हातातली ताटली पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती, तरी पुसत राहिले. ताटली मंजिरीची होती. मसाल्याचा डबा मंजिरीचा, पडदे मंजिरीचे, परसातलं कढीपत्त्याचं कुंडीतलं झाडही तिचंच, दर थंडीत घरात आणून जगवलेलं. आणि अविनाश तिच्याबद्दल चकार शब्द बोलत नसे. नाव तर कधीच घेत नसे. फक्त मधूनच एक 'आम्ही' यायचा. "आम्ही तेव्हा पिनरला राहायचो." "आम्ही वरणात गूळ घालतो." मराठीत ही एक सोय आहे बघा — 'आपण' म्हटलं की समोरचा माणूस आत, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. इंग्रजीत बोलत असतो तर मला कळलंही नसतं. पण मराठीत दर वेळी टोचायचं. मला भुताबिताची भीती नव्हती हो, त्या 'आम्ही'च्या उंबऱ्यावर उरलेलं आयुष्य चपला घालून उभं राहावं लागेल, याची होती.

मी म्हटलं, "फ्रान्सहून आल्यावर सांगते."

फ्रान्सची सायकल ट्रिप आधीच ठरली होती. बर्गंडी, वाइनसाठी नावाजलेला भाग. लंडनहून ट्रेननं पॅरिस, तिथून बोन नावाचं गाव, आणि मुक्काम मर्सो या छोट्या गावातल्या एका गेस्टहाउसमध्ये. तिथून रोज सकाळी निघायचं, द्राक्षमळ्यांतून भटकायचं, संध्याकाळी परत. सायकली बोनलाच भाड्यानं घेतल्या. अविनाश म्हणाला, "तुझ्यासाठी बॅटरीवाली घेऊ का?" मला रागच आला. सातारा म्हणजे नुसते चढउतार. तिथे मी धाकट्या बहिणीला, शुभाला, डबलसीट घेऊन शाळेत जायची. तेव्हा साधी सायकल घेतली — मागे कॅरिअर असलेली. कॅरिअरवर काही बांधलेलं नव्हतं, पाणी आणि जाकीट पुढच्या पिशवीत. हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरची सुरुवात होती. द्राक्षांची तोडणी होऊन गेली होती. आपल्या तासगावसारखे मांडव नाहीत तिकडे. कमरेएवढ्या वेलींच्या सरळ रांगा, पानं पिवळी पडायला लागलेली, मधून सिमेंटचे अरुंद रस्ते आणि बाजूला दगडी बुटके बांध. हवेत आंबूस गोडसर वास. माणसं जवळजवळ नाहीतच. इतकं शांत की सायकलच्या चेनचा आवाज मोठा वाटायचा.

आणि वाइनचं विचाराल म्हणून आधीच सांगते. मी दिवसा थेंबभरही घेतली नाही. संध्याकाळी जेवताना एक ग्लास, तोही अर्धा अविनाशच संपवायचा.

पहिल्या दिवशी दुपारी पोमार गावात चर्चजवळच्या बाकावर बसून आम्ही आणलेले ठेपले खाल्ले. अविनाश पुढे निघाला. मी पाणी पिऊन निघाले, आणि भारतात वाढून इंग्लंडात म्हातारं झालेलं माणूस करणार तीच चूक केली — सवयीनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं निघाले. फ्रान्समध्ये उजवीकडून जायचं, हे डोक्याला माहीत होतं, हातापायांना नव्हतं. दोन-चार पायडल मारली असतील, तोच मागून हलका हिसका बसला. ज्यांनी कधी डबलसीट नेलंय त्यांना तो कळेल. चालत्या सायकलवर कुणी मागून उडी मारून बसलं की जो बसतो, तो. हँडल पुढून हलकं झालं, मागचं चाक जड झालं, आणि सायकल उजवीकडे ओढली गेली. मी लटपटत उजव्या कडेला आले. त्याच वेळी समोरच्या भिंतीच्या वळणावरून एक ट्रॅक्टर आला आणि मी ज्या बाजूला होते तिथून धडधडत निघून गेला.

मी उतरले. मागे वळून पाहिलं, कॅरिअर रिकामं. टायर दाबून पाहिला, टणक. अविनाशला काही सांगितलं नाही. डावीकडून निघाले होते हे ऐकून त्यानं रात्रीपर्यंत लेक्चर दिलं असतं.

मनाशी म्हटलं, रस्ता उजवीकडे उतरता असेल, सायकल तिकडे ओढली जाणारच. झालं, फाइल बंद.

दुसऱ्या दिवशी व्होल्नेचा चढ. गाव टेकडीच्या अंगावर वसलंय, खालून मळ्यांतून रस्ता वर जातो. अविनाश नेहमीसारखा पुढे, मी मागे माझ्या चालीनं. चढाच्या पायथ्याशी पुन्हा तोच हिसका. पुन्हा हँडल हलकं. या वेळी मी थांबले नाही, कारण अंग आपोआप कामाला लागलं होतं. मागे वजन आलं की आपण पुढे वाकतो, हँडल घट्ट धरतो. शाळेत असताना रोज केलेलं, ते अंग विसरत नाही. पण एक गोष्ट चुकत होती. शुभा कायम डाव्या बाजूला पाय सोडून बसायची, सगळ्याच मुली तशाच बसायच्या, त्यामुळे मला थोडं उजवीकडे कलून चालवायची सवय. इथे उलटं होतं. जी कोणी बसली होती, तिचे पाय उजवीकडे होते. आणि रस्ता सिमेंटचा, चढ असला तरी दोन्ही कडा अगदी सारख्या. उजवीकडे उतरता वगैरे काही नाही.

'जी' म्हटलं मी. तेव्हाही मनात 'जी'च आलं होतं, का ते विचारू नका.

अर्धा चढ झाला. मला धाप लागली होती, पाय भरून आले होते. आणि उजव्या खांद्यामागून, अगदी जवळून, साध्या रोजच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"उतरू का?"

मराठीत. बाईचा आवाज. ना खोल, ना घुमणारा. भाजी घेताना शेजारची बाई 'पिशवी धरू का' विचारते ना, तसा.

मी ब्रेक लावून खाली उतरले. सायकल क्षणात हलकी झाली. मागे वेली, खाली मर्सोच्या चर्चचा सुळका, लांब एक माणूस वाळक्या काड्या गोळा करत होता. घाबरले होते का? खरं सांगते, नाही. घाबरण्यासारखं त्या आवाजात काही नव्हतंच. पण पुढचा सगळा चढ मी सायकल हातात धरून चालत गेले. वर अविनाश म्हणाला, "काय गं, सातारकरीण दमली?" मी म्हटलं, "हो, वय झालं."

संध्याकाळी गेस्टहाउसच्या अंगणात बसलो होतो. मालकीणबाईंनी चीजची ताटली आणून ठेवली आणि आत गेल्या. ऊन अजून भिंतीवर होतं. मी दिवसभर मनात घोळवलेलं विचारून टाकलं. "अविनाश, मंजिरीला तू कधी डबलसीट न्यायचास का?"

तिचं नाव आमच्या दोघांत पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तेही माझ्या तोंडून. त्यानं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं उठून जाईल. पण तो बोलायला लागला. लग्नानंतर स्कूटर घ्यायला पैसे नव्हते, दोघंही औंधला राहायचे, तिला तो सायकलवर कॉलेजात सोडायचा, ती तिथे शिकवायची. विद्यापीठाच्या चढावर त्याला घाम फुटायचा.

"आणि दर वेळी तिचं एकच," तो म्हणाला, "उतरू का? मी म्हणायचो, बस गं. रोज. एकदाही उतरू दिली नाही मी तिला."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी रेडिओग्राफर आहे. मी स्वतःला म्हटलं, यात काय विशेष? चढावर डबलसीट बसलेलं कुठलंही माणूस हेच विचारतं. शुभाही हेच विचारायची. माझ्याच मेंदूनं जुनी टेप लावली असेल. मग मी दुसरा प्रश्न विचारला. "कुठल्या बाजूला पाय सोडून बसायची ती?"

अविनाश माझ्याकडे बघतच राहिला. "हे काय विचारतेस?"

"सांग ना."

"उजव्या. सगळे हसायचे तिला. लहानपणी तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी सरकली होती, त्या बाजूनं तिला बसता यायचं नाही. तुला कसं... मी कधी बोललो होतो का?"

"नाही," मी म्हटलं. "उगाच विचारलं."

त्या रात्री मी ठरवलं, अविनाशला नाही म्हणायचं. राग नव्हता आला, वाईटही फारसं वाटत नव्हतं, पण मला दिसत होतं ते असं की ती अजून आहे. डब्यात आहे, पडद्यात आहे, आणि आता माझ्या सायकलवरही आहे. ज्या घरात पहिली बायको अजून नांदतेय तिथे मी कुठे पाट मांडू? हॅरोतला माझा छोटा कुकर बरा. असा विचार केला आणि चक्क शांत झोपले.

तिसरा दिवस शेवटचा. अविनाशला सँ रोमँला जायचं होतं. कड्यावरचं गाव आहे, या भागातला सगळ्यात अवघड चढ. मी आधीच सांगून टाकलं, "तू पुढे जा, वर थांब. वर आल्यावर तुझ्याशी बोलायचंय." त्याला कळलं असावं. 'बरं' म्हणाला आणि मान खाली घालून निघाला. त्याची पाठ लांब जाताना मी बघत राहिले. खोटं कशाला बोलू, माझा जीव होता त्या माणसावर.

चढ सुरू झाला आणि हिसका बसला. मी त्याची वाटच बघत होते. मागे बघितलं नाही. कचकचून पायडल मारत राहिले, थोडी रागानंच. म्हटलं बस, बघू किती वेळ बसतेस. एक वळण झालं, दुसरं झालं. घाम डोळ्यांत उतरला, मांड्या पेटल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तेव्हा तो आवाज आला. या वेळी थोडा अवघडलेला.

"उतरू का?"

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. मंडळी, ज्याला जागा बळकावायची असते तो असं विचारत नाही. तो बूड टेकवून गप्प बसतो. 'उतरू का' हे चालवणाऱ्याची धाप ऐकू येणारं माणूस विचारतं. आपलं ओझं होतंय का, असं ज्याला मनापासून वाटतं, ते. ही बाई दोन दिवस मला एवढंच विचारत होती, आणि मी तिला सवत समजून बसले होते. अविनाशनं तिला कधी उतरू दिलं नव्हतं. आता माझ्या हातात होतं. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ती गेली असती, कायमची — हे मला तेव्हा लख्ख कळलं, दोन आणि दोन चार कळावं तसं.

मी धापा टाकत म्हटलं, "नका उतरू. बसा हो. थोडाच राहिलाय."

मागचं वजन सावरून बसलं. जुनं, सवयीचं डबलसीट माणूस चढावर कसं आपलं अंग पुढे घेतं, चालवणाऱ्याला मदत व्हावी म्हणून... अगदी तसं. आम्ही दोघी तो चढ चढलो. मी रडत होते का घामच होता, मला माहीत नाही. वर सपाटी लागली, कारंज्याजवळ अविनाश उभा दिसला, आणि सायकल थांबायच्या आधीच मागचं वजन अलगद उडी मारून उतरलं. चालत्या सायकलवरून उतरायचंसुद्धा एक कसब असतं. हिला ते येत होतं.

अविनाश म्हणाला, "कुणाशी बोलत होतीस? वळणावर ऐकू आलं मला."

मी त्याला सगळं सांगितलं. पोमारचा हिसका, व्होल्ने, उजवीकडचे पाय, आत्ताचं. तो हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. तो माझ्या सायकलपाशी गेला आणि रिकाम्या कॅरिअरवर तळहात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "तू तिला अहो-जाहो केलंस? तिला मुळीच आवडायचं नाही ते." हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"वैजू, इतकी वर्षं मी एकटा सायकल चालवतोय. दर रविवारी. माझ्या मागे का नाही गं बसली ती? मला का नाही विचारलं?"

मी त्याचा हात धरला. "तुला विचारून काय उपयोग होता? तू कधी 'हो' म्हणाला असतास का?"

तो कारंज्याच्या कठड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी शेजारी बसले. मग तो तिच्याबद्दल बोलायला लागला आणि बोलतच राहिला. ती गाताना शब्द विसरायची आणि स्वतःचे घालायची. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा तो तिला उचलून जिना चढत असताना तिनं हेच विचारलं होतं, उतरू का. या वेळी त्याच्या बोलण्यात 'आम्ही' आलं ते मला टोचलं नाही.

खाली जाताना मी त्याला लग्नाला हो म्हटलं.

आता स्पष्टीकरण. मी शोधलं, आळस केला नाही. 'उतरू का' हे शब्द माझ्याच आठवणीतले असू शकतात — मान्य. हिसका म्हणजे थकलेल्या स्नायूंचा खेळ — मान्य. मनात मंजिरीचा विचार होताच — तोही मान्य. पण गुडघा? मी त्या घरातले फोटो आठवून आठवून पाहिले, लग्नानंतर अल्बमही पाहिले. साडीत, पँटमध्ये, कुठेही ती लंगडताना दिसत नाही. तिचे दवाखान्याचे कागद मी कधी पाहिले नव्हते. उजवी बाजू मला कुठून कळली, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मला खरंच हवंय ते. आणि अविनाशनं हे वाचून मान्यता दिली आहे, बरं का. नाहीतर मी लिहिलं नसतं.

लग्न इकडच्या रजिस्ट्री ऑफिसात झालं. आता स्टॅनमोरला राहते. मसाल्याचा डबा तसाच आहे, फक्त मोहरीची वाटी मी जवळ घेतली, मला ती लागते. सायकल चालवतो दोघं. स्टॅनमोर हिल तुम्हाला माहीत असेल तर तो चढ काय आहे हेही माहीत असेल. त्या दिवसानंतर माझ्या मागे कधीच कुणी बसलं नाही. सायकल हलकी चालते.

परवा त्या चढावर अर्ध्यात धाप लागली. अविनाश बराच पुढे होता. कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून मागे न बघता मी हळूच विचारलं, "आहेस का गं?"

कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.